कार्ड दोघांचं, चौकशी एकीची

(‘जैवतंत्रज्ञान आणि समाज’ या विषयावरील विद्यार्थी निबंधस्पर्धेच्या निमित्ताने देवरी, जि. गोंदिया येथे स्पर्धक मुलं-मुली, शिक्षक आणि महिला गटांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



विज्ञानावर निबंध लिहायचा म्हटलं की आपल्याकडे एक साचा तयारच असतो : ‘विज्ञान, शाप की वरदान?’ आधी वरदानाचे चार परिच्छेद, मग शापाचे तीन, आणि शेवटी ‘विज्ञान वाईट नसतं, वापरणारा माणूस वाईट असतो’ असं म्हणून पूर्णविराम. अशा निबंधाला गुण बरे पडतात. पण वरदान कोणाला मिळालं आणि शाप कोणाच्या वाट्याला आला, हे त्यात कुठेच येत नाही. एकाच घरात, एकाच तपासणीचा परिणाम नवऱ्यावर एक आणि बायकोवर दुसरा, असं होऊ शकतं. मला आज तेवढंच बोलायचं आहे.

जैवतंत्रज्ञान हा शब्द जड आहे. जिवंत पेशी आणि त्यांतली जनुकं यांचं ज्ञान वापरून तपासण्या, औषधं, बियाणं तयार करणं, असा त्याचा सोपा अर्थ. तुमच्यापैकी बरेचजण बीटी कापसावर लिहितील. जरूर लिहा. २००२ साली सरकारने त्याला परवानगी दिली आणि पश्चिम विदर्भातल्या कापूसकऱ्याचं बियाण्याचं गणित बदललं. पण देवरी तालुका धानाचा. इथे घराघरात जैवतंत्रज्ञान पोचलं ते बोट टोचून काढलेल्या रक्ताच्या थेंबातून. आशाताईंना, सिस्टरांना, आश्रमशाळेतल्या शिक्षकांना ते चांगलं ठाऊक आहे. मी सिकलसेलच्या तपासणीबद्दल बोलते आहे.

आधी आजार समजून घेऊ. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात. बारीकशा नळीतूनही त्या वाट काढतात. त्यांतलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. ते कसं बनवायचं याची सूचना जनुकात लिहिलेली असते. त्या लांबलचक सूचनेतलं एक अक्षर बदललं की हिमोग्लोबिन बदलतं, आणि प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठर होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडं आणि सांधे असह्य दुखतात, रक्त कमी होतं, डोळे पिवळे होतात, जंतुसंसर्ग पटकन होतो. १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी या पेशींचं वर्णन प्रसिद्ध केलं. भारतात त्या १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये आढळल्या, आणि त्यानंतर काही वर्षांतच नागपूरच्या डॉक्टरांना मध्य भारतातही. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हा आजार आदिवासींमध्ये आहे, तसाच दलित आणि इतर मागास जातींमध्येही आहे.

प्रत्येक माणसाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात; एक आईकडून आलेली, एक बापाकडून. दोन्ही बदललेल्या असल्या तर माणूस सिकलसेलचा रुग्ण. एकच बदललेली असली तर तो वाहक. वाहक हा रुग्ण नव्हे. तो रोवणा करतो, तेंदूपत्ता तोडतो, शाळेत धावतो. सर्वसाधारणपणे त्याला काही त्रास होत नाही. मग हे जनुक आपल्या जंगलपट्ट्यातच इतकं का? १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन या शास्त्रज्ञाने आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की वाहकांना हिवतापापासून संरक्षण मिळतं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाने लेकरं गेली, तिथे वाहक लेकरं तगली आणि जनुक टिकलं. यात कुणाचं पाप नाही, कुणाची करणी नाही.

आता एक हिशेब सांगते. तो प्रत्येकाने निबंधात मांडावा. आई-बाप दोघेही वाहक असतील, तर दर गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन, आणि यातलं काहीच नसण्याची चारात एक. हा हिशेब प्रत्येक खेपेला नव्याने सुरू होतो. पहिलं मूल रुग्ण झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नसतं. पण दोघांपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्याच्या हिमोग्लोबिनमध्ये कसलाच दोष नसेल, तर त्यांना सिकलसेलचं मूल होणार नाही. फार तर मूल वाहक होईल. आणि हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं. मुलगा की मुलगी ठरवणाऱ्या गुणसूत्रांशी त्याचा संबंध नाही. थोडक्यात, विज्ञानाच्या या हिशेबात आई आणि बाप यांचा वाटा अगदी सारखा आहे.

समाजाच्या हिशेबात तो सारखा राहत नाही. दवाखान्यात गरोदर बाई जाते, म्हणून रक्त आधी तिचं तपासलं जातं. ती वाहक निघाली की नवऱ्याला बोलावणं जातं. तो परगावी मजुरीला गेलेला असतो, किंवा घरीच असतो पण मला काही झालेलं नाही म्हणून येत नाही. तोवर घरात एकच गोष्ट पसरते : सुनेच्या रक्तात खोट आहे. लग्न जुळवताना मुलीचं कार्ड मागितलं जातं. मुलाचं कार्ड मागायची हिंमत मुलीच्या बापाला होत नाही. मुलगी वाहक आहे एवढ्यावर नकार देणाऱ्याने वरचा हिशेब ऐकलेलाच नसतो. एकट्या कार्डावरून काहीच ठरत नाही. दोन कार्डं शेजारी ठेवल्याशिवाय त्यांचा अर्थच लागत नाही. लेकरू आजारी निघालं तर रात्रभर शेक देणारी, पाणी पाजणारी, रक्ताची बाटली चढेपर्यंत खाटेशी बसणारी, त्यासाठी मजुरी बुडवणारी कोण, हे मी इथे बसलेल्या बायांना सांगायला नको.

मैत्रिणींनो, महाराष्ट्रातल्या स्त्री चळवळीने हे एकदा पाहिलेलं आहे. गर्भजल तपासणी आपल्या देशात १९७०च्या दशकात दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये आली ती गर्भातले आनुवंशिक आजार ओळखायला. पाहता पाहता ती मुलगी ओळखायचं आणि मुलगी टाळायचं साधन झाली. मुंबईत स्त्री संघटना, डॉक्टर आणि विज्ञानाचे कार्यकर्ते एकत्र येऊन लढले, आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. तो कागदावरच राहिला म्हणून २००० साली ‘सेहत’, ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ साली तो दुरुस्त होऊन कडक झाला. तरीही सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. यंत्र बनवणाऱ्याचा हेतू चांगला असला, तरी ज्या घरात ते पोचतं तिथे सत्ता कोणाची आहे त्यावर त्याचा वापर ठरतो. निबंधात ‘समाज’ हा शब्द आहे तो यासाठी.

त्याच केंद्रीय कायद्यात एक कलम आहे. गर्भाची तपासणी कोणत्या कारणांसाठी करता येते याची यादी त्यात दिली आहे, आणि हिमोग्लोबिनचे आनुवंशिक आजार त्या यादीत आहेत. म्हणजे नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर गर्भाला सिकलसेल आहे का हे पाहणं कायदेशीर आहे. साधारण दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास ही तपासणी होते. त्याच नमुन्यातून मुलगा की मुलगी हेही कळू शकतं. ते सांगणं गुन्हा आहे, आणि त्यावर लक्ष ठेवणं आपलं काम आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल अभियान सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी माणसांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचं निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट आहे. तपासणी व्हायलाच हवी. आजार लवकर कळला तर लेकरू वाचतं, हायड्रॉक्सियुरियासारख्या गोळ्यांनी दुखण्याच्या खेपा कमी होतात. पण ‘निर्मूलन’ या शब्दापाशी जरा थांबा. देवीचा रोग गेला तो लसीने. सिकलसेलला लस नाही. इथे निर्मूलनाची वाट जाते ती लग्न कोणाशी करावं आणि गर्भ ठेवावा की नाही, या प्रश्नांतून. म्हणजे मुख्यतः बाईच्या शरीरातून. म्हणून तो प्रश्न तिला विचारूनच सुटला पाहिजे.

गर्भपाताच्या हक्कासाठी आपण कायम उभ्या राहिलो आहोत. १९७१च्या कायद्याप्रमाणे सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. तपासणीनंतर गर्भ काढायचा निर्णय तिने घेतला, तर तो तिचा हक्क. आणि ठेवायचा ठरवला तर तोही तिचाच हक्क. त्यासाठी तिला कोणी बोल लावू नये, आणि त्या लेकराला औषध, रक्त, शाळा मिळाली पाहिजे. सिकलसेल घेऊन शिकणाऱ्या मुली याच सभागृहात असतील. त्यांच्यासमोर ‘असली मुलं जन्मालाच येऊ नयेत’ असं वाक्य कोणी निबंधात लिहू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. सरकारी नोकरीच्या राखीव जागांत मात्र रक्ताच्या आजारांना स्थान दिलेलं नाही. या विसंगतीवर एखादीने लिहिलं तर मला आनंद होईल.

नव्या उपचाराबद्दलही तुम्ही वाचलं असेल. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी बाहेर काढायच्या, त्यांच्या जनुकात बदल करायचा आणि त्या परत शरीरात सोडायच्या. ‘कॅसजेव्ही’ नावाच्या अशा उपचाराला २०२३च्या अखेरीस ब्रिटनने आणि अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर. आपल्याकडे दिल्लीच्या सरकारी जनुकशास्त्र संस्थेने याच तंत्रावर देशी उपचार विकसित केला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो ‘बिरसा १०१’ या नावाने जाहीर झाला. नाव बिरसा मुंडांचं आहे, तेव्हा हक्क सांगायला आपण मोकळ्या आहोत : तो ककोडी-चिचगडच्या लेकरापर्यंत पोचला पाहिजे. आणि विचारायचंही आहे. या उपचाराआधी जी जहाल औषधं द्यावी लागतात, त्यांनी पुढे मूल होण्याची शक्ती जाऊ शकते. हे मुलीला तिच्या भाषेत, गोंडीत, हलबीत, छत्तीसगढीत, आधी कोण समजावून सांगणार? घरात मुलगा आणि मुलगी दोघेही आजारी असतील आणि दवाखान्याच्या वाऱ्या एकाच्याच परवडत असतील, तर नेणार कोणाला?

आता महिला गटांसाठी चार कामं सांगते. पहिलं : गरोदर बाईची तपासणी झाली की नवऱ्याची त्याच आठवड्यात व्हावी, यासाठी ग्रामसभेत ठराव करा. शक्यतो लग्नाआधीच, मुला-मुलींची दोघांचीही एकदम करा. दुसरं : शाळेतल्या-वसतिगृहातल्या तपासणीचा निकाल वर्गात वाचला जाऊ नये, फळ्यावर लागू नये. तो त्या मुलीला आणि तिच्या आई-बापाला, एकांतात, समजावून द्यावा. तिसरं : पहिल्या झटपट चाचणीवर विसंबू नका. विरघळण्याची ती चाचणी ‘आहे की नाही’ एवढंच सुचवते. रुग्ण की वाहक हे पुढची तपासणी सांगते. तो दुसरा कागद मिळेपर्यंत कोणाचं लग्न मोडू देऊ नका. चौथं : सिकलसेल असलेल्या बाईचं बाळंतपण जोखमीचं असतं आणि हायड्रॉक्सियुरिया गरोदरपणाआधी थांबवावी लागते. म्हणून दिवस राहण्याआधीच तिने डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि गटातल्या कोणीतरी तिच्यासोबत जावं.

मुला-मुलींनो, निबंध लिहायच्या आधी घरात विचारा, आपल्याकडे तपासणी कोणाकोणाची झाली? आईची झाली असेल आणि बापाची राहिली असेल, तर का राहिली तेही विचारा. कुणाचं नाव न घेता ते लिहा. हवं तर ‘शाप की वरदान’ हे शीर्षक ठेवा. फक्त त्याखाली दोन रकाने पाडा, एक बाईचा, एक पुरुषाचा, आणि दोन्ही भरा. एवढं बोलून मी थांबते.