उभ्या मोटारीची बॅटरी

मोटार दारांत आहे म्हणजे ती हवी तेव्हां चालू होईलच, असें गृहीत धरणारीं घरें शहरांतून पुष्कळ आहेत. कामावर जाण्यास आगगाडी, बाजाराला रिक्षा, आणि मोटार मात्र सणावारीं, गांवीं जाण्यासाठीं, किंवा रात्रींअपरात्रीं घरांतील कोणाचें दुखणें एकाएकीं वाढलें तर! पहिल्या दोन प्रसंगीं गाडी अडली तर हिरमोड होतो, इतकेंच. तिसऱ्या प्रसंगीं किल्ली फिरवल्यावर नुसता ‘कट्’ असा आवाज यावा आणि इंजिन स्वस्थ राहावें, ही गोष्ट हिरमोडावर भागणारी नसते.

सन २०२० च्या मार्चमध्यें २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी झाली, तेव्हां हा अनुभव अनेक कुटुंबांना एकदमच आला. इमारतींच्या आवारांत गाड्या आठवडेच्या आठवडे जागच्या हालल्या नाहींत, आणि बाहेर पडण्याची मुभा मिळाली तेव्हां कित्येक निपचित पडलेल्या आढळल्या. ‘गाडी तर वापरलीच नाहीं, मग बॅटरी संपली कशी?’ हा प्रश्न रास्त होता. उत्तर असें कीं, वापरली नाहीं म्हणूनच ती संपली.

मोटारीची नेहमींची बॅटरी ही फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यानें १८५९ सालीं सिद्ध केलेल्या शिशाच्या घटाचीच वंशज आहे. तींत सहा घट असून प्रत्येकाचा दाब सुमारें २.१ व्होल्ट असतो. एका जातीच्या पट्ट्या शिशाच्या, दुसऱ्या शिशाच्या डायऑक्साइडच्या, आणि भोंवतीं पातळ गंधकाम्ल. वीज खर्च होऊं लागली म्हणजे दोन्ही पट्ट्यांवर शिशाचें सल्फेट जमतें. वीज भरली कीं तें पुन्हा विरतें. परंतु बॅटरी रिती होऊन तशीच पडून राहिली, तर त्या सल्फेटाचे कठीण स्फटिक बनतात व ते मग सहजीं विरत नाहींत. रिकामा हंडा केव्हांही पुन्हा काठोकांठ भरतां येतो. रिकामी बॅटरी मात्र महिनोन्महिने ठेवली तर तिचें पोटच लहान होतें.

ही वीज जाते कोठें? थोडी आंतल्या आंत झिरपते, आणि उष्ण हवेंत अधिक वेगानें झिरपते; म्हणून विदर्भाच्या उन्हाळ्यांत ही चिंता विशेष. पण मोठी गळती निराळीच. हल्लींची गाडी किल्ली काढल्यावरही पुरती झोंपत नाहीं. घड्याळ चालतें, चोराची सूचना देणारी घंटा जागी असते, दार उघडण्याची खूण ऐकण्यासाठीं एक यंत्र कान टवकारून असतें. हा सारा खर्च धरूं या ३० मिलिअँपिअर. दिवसाचे झाले ०.७२ अँपिअर-तास, तीस दिवसांचे साडेएकवीसांहून थोडे अधिक. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची असेल तर महिन्यांत जवळजवळ निम्मी गेली! आणि मागचें झांकण नीट न लागल्यामुळें आंतला पांच वॅटचा दिवा जळत राहिला, तर चारपांच दिवसच पुरेत.

यावर घरोघर केला जाणारा उपाय म्हणजे रोज किंवा आठवड्यांतून एकदां गाडी पांच मिनिटें जागच्या जागीं चालू ठेवणें. हा उपाय मनाच्या समाधानापुरता आहे. इंजिन सुरू करतांना दोनशें अँपिअरपर्यंत प्रवाह लागला, तरी तो दोनतीन सेकंदच. तो खर्च लहान. पण पांच मिनिटांत दहा अँपिअरच्या हिशेबानें जमा होतें तें अवघें ०.८ अँपिअर-तास. त्यांतून सुरू करण्याचा खर्च वजा जातां एका दिवसाचीही गळती भरून निघत नाहीं, आणि मागें सात दिवस असतात. शिवाय बंद गॅरेजांत इंजिन चालू ठेवणें तर जिवावर बेतण्यासारखें. धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आठवड्यांतून एकदां तास-अर्धा तास मोकळ्या रस्त्यानें गाडी खरोखर फिरवून आणावी, हेंच योग्य.

घर कांहीं आठवडे बंद राहणार असेल, तर बॅटरीचें ऋण टोक सोडवून ठेवावें. प्रथम ऋण, जोडतांना तेंच शेवटीं. कारण साधें आहे: गाडीचा सांगाडा ऋण टोकाशीं जोडलेला असतो, आणि धन टोकावरचा पाना चुकून सांगाड्याला लागला तर मोठी ठिणगी उडते. सोडवल्यावर घड्याळ चुकेल, तें परवडेल. मात्र दारें केवळ विजेवर उघडणारीं आहेत कीं काय, तें आधीं पाहावें.

ज्यांच्या गाडीजवळ विजेची सोय आहे त्यांना याहून सुखाचा मार्ग म्हणजे आपोआप दाब सांभाळणारा लहान चार्जर. बॅटरी भरली कीं तो साडेतेरा व्होल्टांच्या आसपास थांबतो. जुन्या साध्या चार्जरला ही अक्कल नसते. तो भरलेल्या बॅटरींतही वीज कोंबतो, पाणी आटवतो आणि हायड्रोजन वायु निर्माण करतो. म्हणून तेथें हवा खेळती हवी, विडी-काडी नको. तिसऱ्या मजल्यावरून वायर लोंबकळत खालीं सोडण्याचा उद्योग कांहीं ठिकाणीं दिसतो. पावसाळ्यांत तरी तो करूं नये.

परीक्षा घ्यावयाची तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मापकयंत्र लावावें. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खालीं म्हणजे रितीच म्हणावयाची. १२.४ दिसले कीं भरण्यास लावावी. झांकणें उघडणारी जात असेल तर पाणी डिस्टिल्डच घालावें, नळाचें नव्हे.

विजेवर चालणाऱ्या नव्या मोटारींचे धनी यांतून सुटले असें मात्र नाहीं. त्यांच्यांतही बहुधा १२ व्होल्टांची एक लहान बॅटरी निराळी असते, आणि ती संपली कीं मोठी बॅटरी काठोकांठ भरलेली असूनही गाडी जागी होत नाहीं.