एका कपाटाची कथा आणि कथेचे शास्त्र

समुद्राच्या पाण्यातून दोन माणसे बाहेर येतात. एक उंच आहे, दुसरा ठेंगणा. दोघांनी मिळून एक भलेमोठे लाकडी कपाट उचलून धरले आहे आणि कपाटाच्या दारावर आरसा आहे. ही माणसे कोण, ती कोठून आली, कपाट समुद्रात कसे गेले, याचा एका शब्दानेही खुलासा होत नाही. वाळूवर दोघे थोडे बागडतात, मग पुन्हा ओझे उचलतात आणि शहराची वाट धरतात.

'दोन माणसे आणि एक कपाट' हा सुमारे पंधरा मिनिटांचा लघुपट १९५८ सालचा. पोलंडमधील वूच येथील चित्रपट-विद्यालयात शिकत असताना रोमन पोलान्स्की याने तो केला. चित्रीकरण बाल्टिक समुद्राकाठी, सोपोत आणि ग्दान्स्कच्या परिसरात झाले. संवाद एकही नाही. क्रिश्तोफ कोमेदा या तरुण जाझ-संगीतकाराचे संगीत मात्र आरंभापासून सोबत करते. कपाट वाहणारे दोघेही विद्यालयातलेच, याकुब गोल्डबर्ग आणि हेन्रिक क्लुबा. त्याच वर्षी ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात प्रायोगिक चित्रपटांच्या स्पर्धेत या कृतीला कांस्यपदक मिळाले.

विद्यार्थ्याचा लघुपट ही गोष्टच मोठी अडचणीची असते. वेळ थोडा, फिल्म मोजकी, पैसा त्याहून मोजका; आणि त्यातच गुरुजनांचा प्रश्न ठरलेला, की तुमच्या नायकाला हवे आहे तरी काय? या प्रश्नामागे कथनशास्त्राची फार जुनी परंपरा उभी आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या. आरंभापासून प्रयत्न, प्रयत्नातून फळाची आशा, आशेतून निश्चिती आणि शेवटी फलागम. ॲरिस्टॉटलने आदी, मध्य आणि अंत यांची सांगड घातली. विसाव्या शतकात हा विचार पुन्हा नव्या जोमाने सुरू झाला. तो पडताळून पाहण्यासाठी पोलान्स्कीचे हे कपाट फार उपयोगी पडते, कारण शास्त्राने बेतलेला अंगरखा त्याच्या अंगावर चढतो खरा, पण काही ठिकाणी सरळ उसवतो.

रशियन पंडित व्लादिमिर प्रॉप याने १९२८ साली शंभर परीकथा घेऊन त्यांचा सांगाडा शोधला. पात्रे बदलतात, कृत्ये बदलत नाहीत, असा त्याचा सिद्धान्त. नायक घर सोडतो, त्याला कोणी दाता भेटतो, दाता जादूची वस्तू देतो, नायक शत्रूला जिंकतो आणि परत येतो. अशी एकतीस कृत्ये त्याने क्रमाने मांडली. आपल्याकडील श्रावणातल्या कहाण्या ज्यांच्या कानांवर लहानपणी पडल्या, त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. आटपाट नगर, गरीब ब्राह्मण, वसा आणि वसा टाकल्यावर आलेले दैन्य, ही घडण त्याच जातीची. योगायोग असा की, प्रॉपच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर निघाले तेही १९५८ सालीच. म्हणजे लघुपट बनला तेव्हा ही उपपत्ती पोलान्स्कीसमोर असेल असे मानण्याचे कारण नाही, आणि त्यामुळेच तिची कसोटी अधिक प्रामाणिक ठरते.

या कसोटीला कपाट लावून पाहिले, तर पहिली खूण जमते. दोघे कोठून तरी निघतात, परक्या मुलुखात येतात आणि अखेरीस जेथून आले तेथेच परत जातात. जादूची वस्तूही आहे. एका प्रसंगी ते कपाट आडवे ठेवून त्याच्या आरशावर मासा ठेवतात. आरशात आकाश उतरले आहे, ढग उतरले आहेत आणि मासा त्या ढगांमधून उडतो आहे असा भास होतो. सांगाडा जुळला असे येथपर्यंत वाटते. परंतु वस्तू देणारा दाता कोठेही नाही आणि जिंकायचे असे काही नाही. ट्राममध्ये चढू पाहतात, तर लोक त्यांना ढकलून देतात. उपाहारगृहातून घालवले जाते. एक तरुणी भेटते, तीही निघून जाते. कपाट खाली ठेवले असते तर हे सगळे दरवाजे उघडले असते. ते ठेवत नाहीत, आणि का ठेवत नाहीत हेही कोणी सांगत नाही. परीकथेत जादूची वस्तू वाट मोकळी करते. येथे तीच वाट अडवते.

पुढच्या पिढीतील त्स्वेतान तोदोरोव हा मूळचा बल्गेरियाचा, पॅरिसमध्ये स्थिरावलेला अभ्यासक. त्याच्या मते कथा म्हणजे एका समतोलाकडून दुसऱ्या समतोलाकडे जाणे. मध्ये तोल बिघडतो, बिघाड ओळखला जातो, तो सुधारण्याची खटपट होते. आता या लघुपटात तोल कोणाचा बिघडला? शहराच्या बाजूने पाहिले तर बिघाड म्हणजे ते कपाट. नीटनेटक्या जगात अडगळ शिरली आणि लोकांनी ती बाहेर काढली, एवढीच कथा. पण कॅमेरा शहराची बाजू घेत नाही. दोघे वाट काढीत असताना आजूबाजूला एकाच्या खिशातले पाकीट दुसरा काढून घेतो, मवाल्यांचे टोळके दगड मारून मांजराचे पिल्लू ठार करते, ओढ्याकाठी एक माणूस दुसऱ्याचा दगडाने जीव घेतो. कपाटवाल्यांचे या खुनाकडे लक्षही नाही. शहराला तो दिसत नाही. बघणारा एकटा प्रेक्षक. तोदोरोवची 'बिघाड ओळखण्याची' पायरी पडद्यावर येतच नाही. ती अंधारात बसलेल्यांच्या वाट्याला येते. हे जे घडते ते शास्त्राच्या चौकटीशिवाय ध्यानात आले असते का, याची शंका आहे. एक पायरी गाळलेली आहे हे कळायला पायऱ्या मोजाव्या लागतात.

या घटनांचा क्रमही पाहण्याजोगा आहे. रोलाँ बार्त याने १९६६ साली कथेतील घटनांचे दोन वर्ग सांगितले. काही घटना मूळच्या, त्या काढल्या की कथा मोडते; काही भरीच्या, त्या काढल्या तर कथा नुसती आखूड होते. ट्राम आधी आणि उपाहारगृह नंतर, की उलट, यात फारसा फरक पडत नाही. कार्यकारणाचा धागा नाही, हे मणी सुटे आहेत. मग पंधरा मिनिटे लक्ष कशाने धरून ठेवले जाते? चढत्या मापाने. आधी नकार, मग मारहाण, मग शेजारी पडलेले प्रेत. कारण आणि परिणाम यांची जागा येथे वाढत्या हिशेबाने घेतली आहे.

भरतमुनींचा एक लहानसा शब्द येथे पाश्चात्त्य पंडितांहून अधिक कामाचा ठरतो. मुख्य कथेला साहाय्य करणारे लांबचे उपकथानक ते पताका, आणि जिचे फळ केवळ दुसऱ्यासाठी असते अशी छोटी, पुढे न चालणारी घटना ती प्रकरी. रामकथेतील जटायू हे प्रकरीचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. लघुपटात मवाल्यांचे टोळके एका मुलीवर टपलेले असते. त्यातला एक मागून तिच्याकडे सरकतो आणि नेमके त्याच वेळी कपाट तेथे आलेले असते. मुलीला आरशात तो दिसतो. ती सावध होऊन निघून जाते. डाव फसल्याचा राग त्या दोघांवर निघतो आणि त्यांना बेदम मार बसतो. मारणाऱ्यांत स्वतः पोलान्स्की आहे, हा त्याचा खोडसाळपणा म्हणावा की आणखी काही, ते ज्याचे त्याने ठरवावे.

सबंध शहरात कपाटाचा उपयोग झाला तो या एकाच क्षणी, आणि तो झाला त्या मुलीला. तिच्या आयुष्याची कथा कोणी लिहिली, तर तिच्यात हे दोघे एका ओळीपुरते येतील. जे येथे नायक आहेत ते दुसऱ्या कोणाच्या कथेतली प्रकरी आहेत. त्यांना फलागम नाही हे खरे, पण फळ पडले आहे, दुसऱ्याच्या अंगणात. 'नायकाला काय हवे आहे' या प्रश्नाने ही गोष्ट सापडली नसती, कारण या नायकांना काहीच हवे नाही. गुरुजनांच्या आग्रहाखातर पोलान्स्कीने त्यांना एखादे उद्दिष्ट दिले असते, समजा ते कपाट विकायला निघाले असते, तर लघुपट सरळ झाला असता आणि आरशातला तो क्षण निव्वळ योगायोग उरला असता.

हे कपाट म्हणजे काय, याची उत्तरे पुष्कळ निघाली. पोलान्स्की लहानपणी क्राकोच्या ज्यूवस्तीतून जीव वाचवून निसटला होता आणि त्याची आई आउश्वित्सच्या छावणीत मारली गेली. हे ज्याला ठाऊक आहे त्याला खांद्यावरच्या ओझ्याचा आणि बंद होणाऱ्या दारांचा अर्थ लावणे अवघड नाही. तरी असा एकच अर्थ कपाटात कोंबून दार लावून घेणे बरे नव्हे. बार्तने पुढे १९७० साली कथेतील कूटाची चर्चा केली. कथा प्रश्न उभा करते, उत्तर लांबवते, शेवटी देते. पोलान्स्की प्रश्न पहिल्याच दृश्यात उभा करतो आणि उत्तर समुद्रात परत नेतो.

साचा बरोबर बसतो अशी उदाहरणेही विद्यार्थ्यांच्या कामात आहेत, आणि एक अगदी जवळचे आहे. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली निघालेल्या चित्रपट संस्थेत शिकणाऱ्या चिदानंद नाईक याच्या कन्नड लघुपटाला २०२४ साली कान महोत्सवात विद्यार्थी-विभागाचे पहिले पारितोषिक मिळाले. लोककथेवर आधारलेल्या या कृतीत एक म्हातारी गावाचा कोंबडा चोरते आणि सूर्य उगवेनासा होतो. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आला. येथे ते खरोखर राहते. प्रॉपच्या भाषेत ही 'उणीव', आणि तिच्यातूनच पुढची सगळी हालचाल निघते. लोककथेच्या पोटी जन्मलेल्या लघुपटाला लोककथेचे शास्त्र लागू पडावे, यात आश्चर्य नाही. गंमत एवढीच, की उणीव निर्माण करणारी ही म्हातारी प्रॉपच्या यादीत खलाच्या जागी बसते आणि पाहणाऱ्याचे मन तिच्याकडेच ओढ घेते.

पोलान्स्कीच्या लघुपटाचा शेवट किनाऱ्यावरच होतो. मार खाऊन, हाकलले जाऊन दोघे समुद्राकडे परत येतात. तेथे एक लहान मूल वाळूचे मुटके करीत बसले आहे. एक, दोन नव्हे, सारा किनारा त्या ओळींनी भरला आहे. कपाट जड आहे, पुढचे दिसत नाही, पाय कोठेही पडू शकतो. उंच माणूस आणि ठेंगणा माणूस त्या मुटक्यांमधून जपून, एकेक पाऊल टाकीत जातात आणि कपाटासह पाण्यात शिरतात. त्यांतला उंच, हेन्रिक क्लुबा, पुढे वूचच्या त्याच विद्यालयाचा प्रमुख झाला.