आईवेगळी पिले
(ट्रस्टच्या महोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या मंडपात एका शिक्षकाने वानरांची गोष्ट सांगायला उभे राहावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण पोरक्या मुलांचा प्रश्न कोणत्याही धर्मादाय संस्थेला चुकलेला नाही, आणि पोरकेपणाने शरीरात नेमके काय घडते याविषयी बरेच नवे ज्ञान अलीकडे आफ्रिकेच्या अरण्यातून आले आहे. म्हणून हा विषय घेतला.

चिंपांझी, बोनोबो, गोरिला आणि ओरांगउटान यांना शास्त्रात महाकपी म्हणतात. त्यांना शेपूट नसते, आणि माकडांपेक्षा ते आपल्याला जवळचे. चिंपांझीचे पिलू चार-पाच वर्षे आईच्या अंगावर पिते. दूध सुटल्यावरही दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत तिच्या मागेमागे फिरते. बापाचा संगोपनाशी फारसा संबंध येत नाही. अरबीचे जुने कोशकार ‘यतीम’ या शब्दाचा अर्थ देताना एक बारकावा सांगतात: माणसांत बाप गेलेला तो यतीम, जनावरांत आई गेलेले ते यतीम. त्या पंडितांनी चिंपांझी पाहिला नसावा, पण शब्द त्याला तंतोतंत लागू पडतो.

टांझानियातील गोंबे येथे जेन गुडॉल यांनी १९६० साली निरीक्षणास आरंभ केला. तेथे फ्लो नावाची म्हातारी मादी १९७२ साली मेली. तिचा मुलगा फ्लिंट तेव्हा साडेआठ वर्षांचा, म्हणजे स्वतःचे अन्न शोधण्याइतका मोठा होता. तरी त्याने खाणे टाकले, तो मलूल होऊन बसू लागला, आणि महिन्याच्या आत गेला. पुढे १९८७ मध्ये तेथे न्यूमोनियाची साथ आली. मेल नावाचे सव्वातीन वर्षांचे पिलू पोरके झाले. ते आजारी, अशक्त होते. जगण्याची आशा नव्हतीच. त्याला स्पिंडल नावाच्या बारा वर्षांच्या नराने जवळ केले. दोघांचे जवळचे नाते नव्हते. स्पिंडल त्याला पाठीवर वागवी, रात्री आपल्या घरट्यात घेई, त्याने हात पुढे केला तर आपल्यातले फळ देई. मेल जगला. स्पिंडलची आईही त्याच साथीत गेली होती.

दोन गोष्टींवरून सिद्धान्त काढू नये, असे मी वर्गात मुलांना सांगत असतो. त्यासाठी मोजमाप हवे. ते आयव्हरी कोस्टमधील ताई अरण्यात झाले. क्रिस्तोफ आणि हेडविग बोएश या दांपत्याने १९७९ साली तेथे काम सुरू केले, आणि ते आजवर चालू आहे.

आपल्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन अधिवृक्क ग्रंथी असतात. संकट आले की मेंदूच्या हुकमावरून त्या कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन, रक्तात सोडतात. त्याने रक्तातली साखर वाढते आणि शरीर सज्ज होते. एरवीही ते सकाळी अधिक व संध्याकाळी कमी असते. मात्र ते दीर्घकाळ चढे राहिले तर वाढ आणि रोगप्रतिकार यांना मार बसतो. रानटी चिंपांझीचे रक्त कोण काढणार? संशोधक झाडाखाली थांबतात, आणि प्राणी पुढे गेला की पानांवर सांडलेले मूत्र नळीने उचलतात. ते गोठवून जर्मनीतील लाइपझिग येथे तपासणीस जाते. हसू नका, या कामाला वर्षे लागली आहेत.

२०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नुकत्याच पोरक्या झालेल्या पिलांत कॉर्टिसॉल चढलेले होते, आणि आई जितक्या लहानपणी गेली तितका परिणाम अधिक. परंतु दोनेक वर्षांनंतर हा फरक उरला नाही. लहानपणी पोरके झालेले प्रौढ आणि इतर प्रौढ यांत भेद दिसला नाही. अर्थात जी पिले तग धरून राहिली त्यांचेच मूत्र मिळणार. फ्लिंटसारखी लगेच गेलेली या हिशेबात येत नाहीत.

याउलट, १९८९ नंतर रुमानियातील अनाथालये जगापुढे आली, तेव्हा तेथील मुलांत सकाळी कॉर्टिसॉल जसे वर असायला हवे तसे नव्हते. दिवसाची चढउतारच बोथट झाली होती. त्या मुलांना छप्पर होते. जवळ घेणारे, रोज तेच असे, माणूस नव्हते. अन्न आणि खाट दिली की झाले, असे मानणाऱ्यांपुढे मी हा दाखला नेहमी ठेवतो.

चिंपांझींतही सगळेच भरून निघत नाही. मूत्रातील क्रिएटिनिनवरून स्नायूंचा अंदाज येतो; दूध सुटल्यावर पोरक्या झालेल्यांतही स्नायू कमी भरतात. पोरके झालेले नर पुढे स्पर्धेत मागे पडतात आणि त्यांची संतती कमी असते. दूध सुटल्यानंतर आई काय देते, हे अजून पुरते उलगडलेले नाही. कुठले झाड केव्हा पिकते, कोणाला वाट द्यावी, असे पुष्कळ काही असावे.

ताईमध्ये पोरक्या पिलांना आश्रय देण्याची अठरा उदाहरणे २०१० साली नोंदली गेली. त्यांतले निम्मे आश्रयदाते नर होते, आणि त्या नरांत पिलाचा खरा बाप एकच निघाला. हे का घडते? युगांडातील बुडोंगो अरण्यात २०१४ मध्ये एक गोष्ट आढळली. चिंपांझींनी अन्न वाटून खाल्ले की ऑक्सिटोसिन वाढते, घेणाऱ्यात वाढते आणि देणाऱ्यातही. आई बाळाला पाजताना जे संप्रेरक स्रवते, तेच हे. स्पिंडलच्या वागण्याचे सगळे कोडे याने सुटते असे मी म्हणणार नाही.

रवांडातील पर्वतीय गोरिलांच्या नोंदी १९६७ पासून ठेवलेल्या आहेत. तेथे दोन ते आठ वर्षांच्या वयात आई गमावलेली पिले इतरांपेक्षा अधिक मरतात असे दिसले नाही. आई गेल्यावर टोळीतील इतरांशी त्यांचा सहवास वाढतो, सर्वांत अधिक म्हणजे रुपेरी पाठीच्या प्रमुख नराशी, मग तो बाप असो वा नसो. मला याचे एक कारण त्यांच्या राहणीत दिसते. गोरिलांची टोळी दिवसभर एकत्र चरते, एकत्र विसावते. चिंपांझी पहाटे घरट्यांतून उतरतात आणि लहानलहान गटांनी रानभर पांगतात; तेथे एखादे पोरके पिलू मागे राहिले तर संध्याकाळपर्यंत कोणाच्या ध्यानातही येत नसेल.