गोड चित्रही खोटी साक्ष देते

(वार्षिक मेळाव्यात कार्यकर्ते व देणगीदार यांच्यासमोर केलेले भाषण)



आज एका चुकीची कबुली देतो. काही वर्षांपूर्वी आपल्या नाताळाच्या शुभेच्छापत्रासाठी चित्र हवे होते. डहाणू तालुक्यातील एका पाड्यावरची वारली मुलगी छान चित्रे काढत असे. मी तिला म्हणालो, "बाय, तारपा नाच काढ. झाडे, मोर, आनंदी माणसे."

चार दिवसांनी तिने कागद आणला. त्यात एक टेम्पो होता. टेम्पोत भांडी, कोंबड्या, बायामाणसे, पोरे. मागे बंद घर आणि ओट्यावर एकटी म्हातारी.

मी म्हणालो, "हे कार्डावर शोभणार नाही."

ती म्हणाली, "सर, नाताळाला पाड्यावर नाचायला असतं कोण? सगळी वीटभट्टीवर."

शेवटी तिने नाच काढून दिला. कार्डे खपली. तो पहिला कागद मात्र मी जपून ठेवला नाही.

वारली चित्रे मुळात विकण्यासाठी नव्हती. लग्नघरी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक काढतात. 1970 च्या दशकात ही कला कागदावर आली. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मासेमारीचे जाळे असो वा शेतातले काम, त्यांनी भोवतालचे जगणे काढले.

आज कपांवर, साड्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर बहुधा तारप्याचा गोलच दिसतो. तो नाच खोटा नाही. पण तेवढेच पाहणाऱ्याला वाटते, या लोकांना कर्ज नाही, चिंता नाही. वास्तविक याच भागात लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराकडे वर्षानुवर्षे राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. 1945 मध्ये वारली त्याविरुद्ध उठले. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ते लिहून ठेवले आहे. ज्या लग्नात चौक काढला जाई, त्याच लग्नाने माणूस गहाण पडे!

खोट्या साक्षीविरुद्धची आज्ञा आपण मुलांना शिकवतो. वाईट बोलणे म्हणजेच खोटी साक्ष, असे आपल्याला वाटते. पण शेजाऱ्याचे फक्त गोड चित्र दाखवणे हीही खोटी साक्षच. आणि देणगीसाठी त्याचे फक्त रडवे चित्र दाखवणे, तीही. दोन्हीकडे बोलतो आपण. तो गप्पच राहतो.

म्हणून तीन विनंत्या. चित्राचा विषय चित्रकाराला ठरवू द्या. त्याची संमती असेल तर खाली त्याचे नाव छापा. आणि तो सांगेल ती किंमत घासाघीस न करता द्या.

योसेफ आणि मरीयाही घर सोडून वाटेला लागले होते. त्यांनाही मुक्कामाला जागा मिळाली नव्हती. म्हणजे त्या मुलीचा टेम्पो नाताळाच्या कार्डावर शोभलाच असता. पाडा मी रोज पाहत होतो, शुभवर्तमान रोज वाचत होतो, तरी मला ते दिसले नाही.

यंदाच्या कार्डासाठी आम्ही विषय दिलेला नाही. टेम्पो आला, तर टेम्पोच छापू.

प्रभू आपणां सर्वांना पाहणारी दृष्टी देवो.