कन्येची पाळी आणि घरातील मौन



कन्या वयात आली की वडीलधाऱ्या स्त्रिया तिला पुष्कळ नियम सांगतात; किती रक्तस्राव झाला म्हणजे तो अधिक समजावा, एवढेच सांगायचे राहते. तिने विचारलेच, तर 'आमच्या घरात सगळ्यांचे असेच असते' या वाक्यावर विषय संपतो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने तो तेथेच सुरू होतो.

फिनलंडच्या ऑलंड बेटांवरील ह्योर्डिस ही पाच वर्षांची बालिका १९२४ मध्ये वारंवार होणाऱ्या रक्तस्रावासाठी डॉ. एरिक फॉन विलेब्रांड यांच्याकडे आणली गेली. तिच्या घराण्यात हा त्रास अनेकांना होता. १९२६ मध्ये डॉक्टरांनी या आनुवंशिक विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. ह्योर्डिस पुढे तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीत दगावली. रक्त गोठविणारा एक घटक कमी पडण्याचा हा विकार आपल्याकडेही आढळतो आणि कित्येकदा प्रथम पाळीतच प्रकट होतो.

अर्थात प्रत्येक अनियमितता म्हणजे आजार नव्हे. पहिली दोन-तीन वर्षे बीज नियमित बाहेर पडत नाही. अस्तर जाड होते व अवेळी गळते. २१ ते ४५ दिवसांचे अंतर व सात दिवसांपर्यंतचा स्राव या वयात स्वाभाविक होय. मात्र तासा-दोन तासांनी पॅड भिजणे, इंचभर गाठी पडणे, आठवडा उलटूनही स्राव न थांबणे, जोडीला घोळणा फुटणे, ही लक्षणे वयावर ढकलू नयेत. आतून तपासणी होईल या धास्तीने अनेक घरे दवाखाना टाळतात. बहुधा रक्तचाचणी व पोटावरून सोनोग्राफी पुरते. उपचारात संप्रेरकांच्या गोळ्या दिल्या, तर त्या 'कुटुंबनियोजनाच्या' म्हणून दचकण्याचे कारण नाही. वेदनेसाठी ॲस्पिरिन मात्र मनाने देऊ नये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. 'बीट खा' हा सल्ला कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांच्या कामाचा नाही. अळीव, कडधान्ये व त्यांवर लिंबू उपयोगी. जेवणालगत चहा नको. तथापि वाहून गेलेले लोह केवळ आहाराने लवकर भरून येत नाही, गोळ्या लागतात. अशा मुलीने अठ्ठाईचा संकल्प करण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

पुण्याच्या डॉक्टरांकडे नेताना आईने स्वतःची बाळंतपणे, आजीचा, मावशीचा त्रास, दात काढल्यावर न थांबलेले रक्त, सारे मोकळेपणाने सांगावे. मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत या विकारांचे निदान होते. तो घटक ताणतणावात तात्पुरता वाढतो. म्हणून पहिला अहवाल निर्दोष आला तरी डॉक्टर पुन्हा चाचणी सांगू शकतात, ती टाळू नये.