मधुमेहाचा तज्ज्ञ कसा निवडावा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी आरोग्यासंबंधी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. चाळीस वर्षे साध्या कुटुंबवैद्याचा व्यवसाय केलेल्या माणसाने विद्वत्तेचा आव आणणे शोभत नाही. परंतु माझ्या हातून घडलेली एक चूक आपल्या पदरी पडू नये, एवढ्याच हेतूने मी उभा आहे.

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, मधुमेह झाला. बारा वर्षे मीच तिला औषध देत होतो. भावाचाच दवाखाना, तिथे ना फी, ना रांग. ती उपाशीपोटीची साखर तपासून घेई आणि तपासणीपूर्वी दोन दिवस गोड वर्ज्य करी. आकडा बरा येई आणि आम्ही दोघेही समाधान पावत असू. एकदा ती म्हणाली, "डोळ्यांपुढे जाळी आल्यासारखी वाटते रे." मी म्हणालो, "मोतीबिंदू असेल, वय झाले." पुढे नेत्रतज्ज्ञांना दाखविले तेव्हा डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव झालेला होता. लेसर उपचारांनी डावा डोळा वाचला, उजवा गेला. अक्काने मला कधी बोल लावला नाही. म्हणूनच तो मला अधिक लागतो.

ही एका घरची गोष्ट नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे 10 कोटी मधुमेही आहेत, आणि सुमारे 13 कोटी 60 लक्ष लोक त्या उंबरठ्यावर आहेत. "आम्ही सडपातळ, आम्हांला काय भीती?" असे म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के! आपला बांधा बाहेरून फसवा असतो, हे वैद्यानेही ध्यानी ठेवले पाहिजे.

आता प्रश्न असा, की प्रत्येक मधुमेह्याने एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडे, जावे काय? नाही. बहुसंख्य रोग्यांची काळजी दक्ष कुटुंबवैद्य उत्तम घेऊ शकतो. परंतु काही प्रसंगी विलंब करू नये. लहान मुलाला मधुमेह झाला. गर्भवतीची साखर वाढली. योग्य औषधे घेऊनही तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीए1सी चढीच राहिली. साखर वारंवार 70 च्या खाली उतरून घाम व थरथर सुटू लागली. मूत्रपिंड, डोळे वा पाय यांना उपद्रव दिसू लागला. किंवा थायरॉइडसारख्या अन्य ग्रंथीचाही विकार आढळला, तर तज्ज्ञाचा सल्ला घ्यावाच. मूल असेल तर मुलांच्या मधुमेहाचा अनुभव असलेला तज्ज्ञ शोधावा.

तज्ज्ञाची पहिली ओळख पदवीवरून होते. एम.बी.बी.एस. नंतर तीन वर्षे एम.डी. आणि त्यानंतर आणखी तीन वर्षे एंडोक्रायनॉलॉजीची डी.एम. वा तत्सम पदवी, असा हा दीर्घ अभ्यास आहे. 'मधुमेहतज्ज्ञ' ही पाटी मात्र निरनिराळ्या शिक्षणाचे डॉक्टर लावतात. त्यांत अनेक एम.डी. वैद्य अनुभवाने निष्णात असतात, तर काहींचा अभ्यास अल्प मुदतीचा असतो. म्हणून पाटी न पाहता शिक्षण विचारावे. विचारण्यात अविनय नाही. ज्यांना मोठी फी परवडत नाही त्यांनी निराश होऊ नये, मुंबईच्या के.ई.एम.सारख्या सार्वजनिक रुग्णालयांत या विषयाचे स्वतंत्र विभाग आहेत.

दुसरी ओळख तपासण्याच्या रीतीवरून. चांगला तज्ज्ञ केवळ आकड्याला औषध देत नाही. तो पायमोजे काढावयास सांगतो, तळव्याची संवेदना पाहतो, रक्तदाब मोजतो, लघवीतील प्रथिन व रक्तातील क्रिएटिनिन तपासवितो आणि वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा दाखवावयास धाडतो. यांतील एकही गोष्ट मी अक्कासाठी वेळेवर केली नव्हती. शिवाय तो विचारतो, "घरी भाकरी की पोळी? उपवास किती? औषधाचा खर्च झेपतो ना?" चातुर्मासात उपवास करणाऱ्या बाईच्या गोळ्यांची वेळ व मात्रा ज्याने विचारात घेतली नाही, त्याने तिला अर्धेच तपासले.

तिसरी ओळख, अडचणीच्या वेळी तो किंवा त्याचा सहायक भेटतो काय? इन्शुलिनची सुई कशी टोचावी, आहार कसा ठेवावा, हे शिकविणारे कोणी त्याच्याजवळ आहे काय? आणि "मधुमेह समूळ घालवितो, इन्शुलिन आजच बंद करा," असे जो छातीठोकपणे सांगेल, त्याला दुरूनच नमस्कार करावा. ज्या मुलाच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, त्याचे इन्शुलिन बंद करणे म्हणजे त्याच्या प्राणाशी खेळणे होय.

आता एक नाजूक मुद्दा. आपल्याकडे "आपल्यातला डॉक्टर कोण?" हा प्रश्न आधी विचारला जातो. ज्ञातीचा अभिमान मलाही आहे. परंतु स्वादुपिंडाला ज्ञाती नसते. नातलगाकडे वा ज्ञातिबांधवाकडे जाण्यात एक धोका असा, की रोगी संकोचाने तक्रार सांगत नाही आणि वैद्य प्रेमाने तपासणी टाळतो. अक्काचे आणि माझे तसेच झाले. वैद्य ज्ञानाने व निष्ठेने निवडावा; मग तो कोणत्याही घरचा असो.

मात्र तज्ज्ञ मिळाला म्हणून जुन्या कुटुंबवैद्याला सोडू नये. सर्व अहवाल तारखेनुसार एका वहीत लावावेत, चालू औषधांची यादी पहिल्या पानावर लिहावी आणि ती वही दोघांनाही दाखवावी.

शेवटी मंडळाला एक नम्र सूचना. विद्यार्थ्यांचे सत्कार आपण दरवर्षी करतो, तो स्तुत्य उपक्रम आहे. त्याच तरुणांपैकी दहा जणांनी, एकाकी राहणाऱ्या आपल्या वृद्धांना वर्षातून एकदा डोळ्यांच्या व पायांच्या तपासणीस सोबत नेण्याचे व्रत घ्यावे. याला निधी फारसा लागत नाही. एक सकाळ लागते.

ही हकीकत सांगण्यापूर्वी मी अक्काची परवानगी मागितली. ती म्हणाली, "खुशाल सांग. माझा डोळा गेला तो गेला; ऐकून कुणाचा तरी राहील." तिचा हा निरोप आपल्यापर्यंत पोचविला.