घरांतील बिनतारी जोडणी

लोणावळ्याच्या परिसरांत धरणें बांधून अडविलेलें पावसाचें पाणी नळांतून घाट उतरून खोपोलीस आलें, आणि १९१५ सालीं तेथें निर्माण झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली. तारा खालापूर तालुक्यावरून पुढें गेल्या; परंतु आसपासच्या कित्येक वाड्यांत दिवा लागण्यास त्यानंतर अनेक दशकें जावीं लागलीं. एखादी सोय दारावरून जाणें आणि ती घरांत येणें यांत केवढें अंतर असतें, हें या मुलखास कोणीं निराळें सांगावयास नको.

आज इंटरनेटच्या बाबतींत तोच प्रश्न घराच्या चार भिंतींच्या आंत उभा राहिला आहे. कर्जत, नेरळ, खोपोली यांसारख्या गांवीं कांचेच्या तंतूची तार, जिला फायबर म्हणतात, ती दारापर्यंत येते. परंतु पुष्कळ घरांत तिचा लाभ दर्शनी खोलीपुरताच राहतो. मागच्या खोलींत अभ्यास करणारी मुलगी आणि स्वयंपाकघरांत बचतगटाचा हिशेब पाहणारी तिची आई, दोघींनाहि त्यासाठीं पुढच्या ओटीवर येऊन बसावें लागतें. महिन्याचे पैसे साऱ्या घराचे जातात. उपयोग मात्र एका खोलीचा होतो.

याचें कारण समजण्यास ‘बिनतारी’ या शब्दाचा खरा अर्थ पाहिला पाहिजे. विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सर्वसामान्यांस इंटरनेट खुलें केलें, तेव्हां तें टेलिफोनच्या तारेनें घरीं येई. आजहि फायबरवरील संदेशाचा बहुतेक सारा प्रवास तारेनेंच होतो. शेवटचीं वीस-पंचवीस पावलें तेवढीं तो हवेंतून चालतो. राऊटर नांवाची जी लहानशी पेटी भिंतीवर बसवितात, ती तारेंतून आलेला संदेश रेडिओच्या लहरींवर चढवून घरभर पाठविते. हीं शेवटचीं पावलें सुकर करणें मुख्यतः घरधन्याच्याच हातीं असतें.

जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास अशाच अदृश्य लहरींनीं भिंतीपलीकडील घंटा वाजवून दाखविली होती. घरच्या पेटींतून निघणाऱ्या लहरी त्याच कुळांतल्या, आणि त्या सामान्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिली २.४ गिगाहर्ट्झची, तिची लांबी सुमारें पांच इंच. ती दूरवर जाते व भिंतीस फारशी बिचकत नाहीं. मात्र तिच्या वाटेवर गर्दी फार. शेजाऱ्यांच्या पेट्या, ब्लूटूथचीं उपकरणें आणि मायक्रोवेव्हची शेगडी यांचा तिला उपद्रव होतो. दुसरी ५ गिगाहर्ट्झची. हिची लांबी पहिलीच्या निम्म्याहून कमी; ती अधिक वेगानें अधिक भार वाहते, पण एक-दोन भिंती ओलांडतांच थकते. भारतांत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ सालीं परवान्यावांचून वापरण्यास मोकळा झाला, आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत तशी मोठी मोकळीक २०१८ सालीं मिळाली. म्हणून घरधन्यास या लहरींसाठीं कोणाची परवानगी काढावी लागत नाहीं.

परवानगी नसली तरी भिंतींशीं गांठ आहेच. कारवीच्या कुडाची भिंत या लहरींस सहसा अडवीत नाहीं. काळ्या दगडाची दीड-दोन हात जाडीची जुनी भिंत त्यांचा जोर बराच खाते. सिमेंटच्या स्लॅबमधील लोखंडी सळया वरच्या मजल्याची वाट बिकट करतात. पत्र्याची आडभिंत, लोखंडी कपाट आणि मोठा आरसा या वस्तु लहरी परतवितात. पाण्यानें भरलेली टांकी त्या शोषून घेते.

आतां पेटी कोठें बसते तें पाहावें. तार बेतानें लागावी म्हणून बसविणारा माणूस ती बहुधा विजेच्या मीटरपाशीं, दरवाज्याच्या कोपऱ्यांत ठोकतो. अशा ठिकाणीं तिच्या निम्म्या लहरी अंगणास मिळतात. त्यापेक्षां दहा-पंधरा हात तार अधिक घालून पेटी माजघरांत, डोक्याइतक्या उंचीच्या उघड्या फळीवर ठेवावी. तिच्या दांड्या उभ्या असाव्या, कारण उभ्या दांडीच्या लहरी आडव्या पसरतात. एवढ्यानेंहि मागची खोली कोरडी राहिली तर दुसरी पेटी घ्यावी आणि ती शक्य तर तारेनें पहिलीस जोडावी. तार नेणें अशक्य असेल तर ती मधल्या वाटेवर, जेथें लहर अजून सशक्त आहे तेथें ठेवावी. कोरड्या खोलींतच ठेवलेली दुसरी पेटी, स्वतःसच कांहीं पोंचत नसल्यामुळें, दुसऱ्यास काय देणार?

जेथें फायबर पोंचलेलें नाहीं अशा वाड्यांत सिमकार्डाची पेटी किंवा छपरावरील लहान तबकडी वापरतात. तेथें मनोऱ्याकडे तोंड असलेली खिडकी शोधावी. मध्यें डोंगराची सोंड आली तर उपाय थोडे. उन्हाळ्यांत मोकळी दिसणारी वाट पावसाळ्यांत झाडें पालवल्यावर मंदावते, हेंहि ध्यानांत ठेवून तबकडीची जागा निवडावी.

लहरी अंगणांत जातात त्या अर्थीं त्यांस कुलूपहि हवें. पेटीबरोबर आलेले परवलीचे शब्द पहिल्याच दिवशीं बदलावे: एक जोडणीचा, दुसरा पेटीच्या अंतर्गत व्यवस्थेचा. यांपैकीं दुसरा पुष्कळांच्या विस्मरणांत जातो. संरक्षणाचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावा. पाहुण्यांसाठीं वेगळी जोडणी देण्याची सोय असल्यास तीच द्यावी. घरांतील फोनवरून बँकेचे व्यवहार होत असतात.

राहिला प्रश्न विजेचा, आणि या दोन तालुक्यांत तो सर्वांत गंभीर आहे. २०२३ च्या १९ जुलैच्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदतीस धांवलेल्यांना अंधारांत पायवाटेनें चढावें लागलें. अशा डोंगरपट्ट्यांत निरोप वेळेवर जाणें ही केवळ सोयीची गोष्ट नव्हे. मोबाइलची लहर क्षीण असलेल्या दरींतील घरांत पुष्कळ फोन वाय-फायवरून संभाषण करूं शकतात. परंतु वीज गेली कीं पेटी विझते आणि नेमक्या गरजेच्या वेळीं तो मार्ग बंद पडतो. यास्तव पेटीस कांहीं तास चालविणारी लहान बॅटरी घेणें हा खर्च चैनीचा समजूं नये. कांचेचा तंतु वीज वाहून नेत नाहीं. तथापि पेटीची विजेची दोरी नेते. म्हणून गडगडाट जवळ येण्यापूर्वींच ती दोरी खटक्यांतून काढून बॅटरीवर काम चालवावें. छपरावरील तबकडीची तांब्याची तारहि त्याच वेळीं सोडवावी.

हें सर्व साधावयाचें तर भिंतीस भोंक पडण्यापूर्वींच विचार झाला पाहिजे. पेटी जोडून ती नुसती फळीवर टेकवावी, आणि घरांतील कोणीं फोन घेऊन प्रत्येक खोलींत, दारें लावून, फिरून पाहावें. सर्वांत मागच्या खोलींत बसणाऱ्या मुलीस व तिच्या आईस विचारावें. त्यांनीं ठीक म्हटलें, म्हणजे मग खिळा ठोकावा.